अँव्हिलचा बाजूचा दरवाजा

शेफील्डमधल्या म्हाताऱ्यांना हल्ली एकच वेड लागलं होतं, बंद पडलेल्या हॉटेलांचं आणि पबांचं. चालू होती तेव्हा ज्यांच्या जेवणाला यथेच्छ नावं ठेवली, त्यांच्याच आठवणी आता सगळे चवीनं काढायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत ही मंडळी जमायची. कुणीतरी पडद्यावर जुने फोटो दाखवायचं, आणि चहा-बिस्किटांबरोबर जुनं शहर पुन्हा उभं राहायचं.

ग्लेंडानं चार महिने वेगवेगळी कारणं सांगून हे टाळलं होतं. कधी गुडघा, कधी दातांचा डॉक्टर, एकदा तर चक्क पडदे धुवायचेत म्हणून. पण खालच्या मजल्यावरची पॅट कारणांना भीक घालणारी बाई नव्हती.

"अगं, चल की! घरात बसून कोणती अंडी उबवणार आहेस?" पॅट दारातच कोट घालून उभी होती. "तू तर कॅप्रीस ग्रिलमध्ये वेट्रेस होतीस म्हणे. तिथं तुला डोक्यावर घेतील सगळे."

"मला नको कुणाच्या डोक्यावर बसायला."

"मग खुर्चीवर बस. पण चल."

ग्लेंडा गेली. कॅप्रीस ग्रिलबद्दल बोलायला तिला काहीच अडचण नव्हती. भीती होती ती वेगळ्याच जागेची. त्या फोटोंमध्ये कधी ना कधी 'अँव्हिल' नावाचा पब येणार, हे तिला ठाऊक होतं. अँव्हिलचं नुसतं नाव निघालं, तरी त्र्याहत्तर वर्षांची ही बाई पुन्हा बावीस वर्षांची होऊन घाईनं विषय बदलायची.

झालं होतं ते असं. कॅप्रीस ग्रिलमध्ये शनिवारी बँड वाजायचा आणि त्यात डेरिक नावाचा पोरगा ट्रम्पेट वाजवायचा. ग्लेंडानं त्याच्याशी घरी न सांगता लग्न केलं आणि नॉटिंगहॅमला निघून गेली. तिचे वडील विल्फ स्टॅनिफर्थ हे पोलादाच्या कारखान्यात घणावर काम करणारे, डावा अंगठा त्या घणानंच अर्धा नेलेला. पोरगी गेली याचं दुःख होतंच, पण आपल्याला विचारलंही नाही, हे त्यांना फार लागलं. दीड वर्ष त्यांनी तिचं नाव काढलं नाही. मग १९६८ च्या डिसेंबरात तिनं त्यांना पत्र लिहिलं. आईला कळू नये म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर. 'ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी बारा वाजता मी अँव्हिलमध्ये येईन. राग गेला असेल तर या. नसेल तर मी समजून घेईन.'

ती आली, दीड वाजेपर्यंत बसली, आणि दोनच्या गाडीनं परत गेली. डॅड आले नव्हते. पुढे फेब्रुवारीत ते कारखान्यातच कोसळले. अंत्ययात्रेच्या दिवशी तिनं आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या शनिवारी डॅड कुठे होते गं?" आई म्हणाली, "मॅचला. दुसरीकडे कुठे जाणार? चांगला कोट घालून मॅचला गेले होते." झालं! पोरगी वाट बघत बसली आणि बाप फुटबॉल बघायला गेला. तेव्हापासून घरात टीव्हीवर मॅच लागली की ग्लेंडा स्वयंपाकघरात निघून जायची. डेरिक जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत वाटत राहिलं, की बायकोला खेळातलं काही कळत नाही.

वाचनालयातली खोली भरली होती. कॅप्रीस ग्रिलचा फोटो आला तेव्हा खरोखरच ग्लेंडाला उभं केलं गेलं. कोळंबीचं कॉकटेल म्हणून जे सॅलड मिळायचं त्यात लेट्यूसची पानं किती आणि कोळंबी किती, यावरून हशा पिकला. निवृत्त बसचालक नॉर्मन म्हणाला, "बाई, मी तिथं बायकोला लग्नाची मागणी घातली. त्या कॉकटेलमध्ये मला एकंदर तीन कोळंब्या मिळाल्या होत्या."

"तीन?" ग्लेंडा म्हणाली. "मग आचारी तुमच्यावर खूश असणार. बाकीच्यांना दोनच असायच्या."

टाळ्या पडल्या. ग्लेंडा खाली बसली तेव्हा तिला वाटलं, उगीच घाबरलो आपण. गंमत आहे की! तिनं दुसरं बिस्किट उचललं, आणि पडद्यावर अँव्हिल आलं.

आतला फोटो होता. मधोमध लांब लाकडी काउंटर, आणि काउंटरला दोन भागांत तोडणारी नक्षीची धुरकट काच. काचेच्या अलीकडे लाउंज, म्हणजे गालिचा, मखमली बाकं, भिंतीवर दिवे. पलीकडे टॅपरूम, म्हणजे उघडी फरशी, लाकडी स्टुलं आणि कारखान्यातून तडक आलेले पुरुष. ग्लेंडा बसली होती ते कोपऱ्यातलं बाकही फोटोत स्वच्छ दिसत होतं. तिनं बिस्किट बशीत परत ठेवलं.

"टॅपरूम!" नॉर्मननं हात जोडले. "देवाचं घर. एकही बाई नाही आत."

"एक होती," मागून आवाज आला. "मी. पण मला कोण बाई समजत होतं?"

सगळे वळले. काठीवर हनुवटी टेकून एक ठेंगणी म्हातारी बसली होती. तिचं नाव बेरिल, वय ऐंशीला टेकलेलं, आणि टॅपरूमच्या बाजूला तिनं अकरा वर्षं बिअर ओतली होती. लाउंजची बाजू मालकिणीकडे असायची. मालकीण टॅपरूमकडे ढुंकून बघायची नाही, आणि बेरिलला गालिच्यावर पाऊल टाकायची मुभा नव्हती.

"अकरा वर्षांत त्या टॅपरूममध्ये मी फक्त एकदा बायकांचं पेय दिलं," बेरिल म्हणाली. तिच्या तोंडाचा पट्टा आता सुटला होता. "बेबीशॅम! तो उंच दांड्याचा नाजूक ग्लास आठवतोय ना? ख्रिसमसच्या आधीचा शनिवार. बाहेर चौकात बँड भजनं वाजवतोय. बाराच्या आधीच एक दांडगा माणूस आला, नेहमीचाच, पण त्या दिवशी चांगला कोट, केस चापूनचोपून बसवलेले. म्हणाला, 'एक बिअर आणि एक बेबीशॅम.' मी म्हटलं, 'बेबीशॅम कुणाला हो? तुम्हाला?' तर सगळं टॅपरूम जे हसलं म्हणता! छत कोसळतं की काय असं वाटलं."

ग्लेंडाला ते हसणं आठवलं. लाउंजमध्ये ती एकटी बसलेली, डोक्यावर हॅट, हातात हातमोजे, आणि काचेपलीकडून अचानक पुरुषांचा गडगडाट. तिला वाटलं होतं, आपल्यालाच हसतायत. एकटी बसलीय बिचारी, कुणी आलं नाही हिच्यासाठी. तिचे कान आत्ताही तापले.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय! त्यानं स्टूल ओढून बाजूच्या दारासमोर ठेवलं, शेजारी दुसरं रिकामं स्टूल, आणि त्या रिकाम्या जागेपुढे तो ग्लास. कुणी त्या स्टुलाला हात लावला की हा नुसता बघायचा. अशा माणसाशी वाद कोण घालणार? हात हे एवढाले. डावा अंगठा अर्धाच, पण उरलेले नऊ पुरेसे होते."

ग्लेंडानं अर्धा कप चहा तसाच खाली ठेवून दिला. पॅटनं तिच्याकडे पाहिलं. "काय गं, बरं वाटत नाही का?"

"थांब," ग्लेंडा म्हणाली. मग मान वळवून, आवाज शक्य तेवढा सरळ ठेवत तिनं विचारलं, "तो कुणाची वाट बघत होता, बाई?"

"मुलीची. आधी सांगेना, पण एक वाजून गेला तेव्हा मीच खोदून विचारलं. म्हणाला, 'पोरगी यायचीय नॉटिंगहॅमहून.' मी म्हटलं, 'अहो, मग ती लाउंजमध्ये बसली असेल! चांगल्या घरची लेक टॅपरूममध्ये कशी येईल? जरा जाऊन बघा तरी.' तर मलाच वेड्यात काढलं. म्हणाला, 'लाउंजमध्ये? आमची पोरगी? तिला माहितीय मी कुठे बसतो ते. लहान होती तेव्हा दर रविवारी याच दाराच्या पायरीवर उभी राहून मला जेवायला हाक मारायची. ती याच दारानं येणार.' आणि नजर दारावरच."

ग्लेंडाच्या मनात बाजूच्या दाराकडे जाणारा तो बोळ, ती पायरी आणि तिच्यावर उभी राहिलेली सात वर्षांची पोरगी लख्ख उभी राहिली. मुलांना आत जायला बंदी, म्हणून ती पायरीवरूनच ओरडायची. आणि त्या शनिवारी? त्या शनिवारी तिला बोळातून जायचंच नव्हतं. आता आपण लग्न झालेली बाई आहोत, पुढच्या दारानं जायचं, गालिच्यावर बसायचं, डॅडना दिसू दे आपली लेक कशी झालीय ते. केवढा तोरा होता! मध्ये चार पावलं आणि एक काच. तिला पलीकडे डोकावायचं सुचलं नाही, कारण टॅपरूममध्ये बाईमाणूस डोकावत नसे. त्यांना अलीकडे यायचं सुचलं नाही, कारण उभ्या आयुष्यात त्यांनी त्या गालिच्यावर पाय ठेवला नव्हता.

"ते माझे वडील," ग्लेंडा म्हणाली. "ती मुलगी मी. मी लाउंजमध्ये होते. त्या बाकावर." तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

बेरिल काठी टेकत टेकत आली, पॅटला खुणेनंच उठवलं आणि ग्लेंडाच्या शेजारी बसली. "अगं माझ्या बये," ती म्हणाली. "अगं माझ्या बये! मीच काचेवर टकटक केली असती तर? मालकीण ओरडली असती, एवढंच ना."

"ते किती वाजता गेले?"

"तीनला. घंटा वाजवून आम्ही सगळ्यांना बाहेर काढायचो ना, तेव्हा."

"तीनला?" ग्लेंडानं पुन्हा विचारलं. "नक्की तीनला? त्या दिवशी मॅच होती."

"होती ना! म्हणून तर अडीचलाच सगळं टॅपरूम रिकामं झालं. हा एकटा उरला. मी म्हटलं, 'अहो, तीनला खेळ सुरू होईल, पळा आता.' म्हणाला, 'होऊ दे. मॅच काय, पुढच्या शनिवारीही आहे.' घंटा झाल्यावर उठला. तो ग्लास तसाच भरलेला. म्हणाला, 'स्वभाव माझ्यावर गेलाय तिचा, ऐन वेळी बिनसलं असेल काहीतरी. ईस्टरची सुट्टी लागू दे, मीच जातो नॉटिंगहॅमला.' मग नंतर आला नाही फारसा. आणि पुढे कळलं…"

"फेब्रुवारीत," ग्लेंडा म्हणाली.

एकावन्न वर्षं ती स्वतःला समजावत आली होती, की काही बापांना नाहीच जमत माफ करायला. आता तिला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. ते आले होते. आईला मॅचचं सांगून, चांगला कोट घालून, केस बसवून, तिच्या आधी आले होते! टॅपरूमभर हसू झालं तरी तो नाजूक ग्लास पुढ्यात ठेवून तीन तास बसले होते. छातीवरचं ओझं इतकं जुनं झालं होतं, की ते ओझं आहे हेच ती विसरली होती. आत्ता उतरल्यावर तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त बरं वाटत होतं.

पॅट रुमाल शोधत होती. नॉर्मन अवघडून चहा ढवळत होता. ग्लेंडानं नाक पुसलं आणि त्यालाच विचारलं, "नॉर्मन, अडुसष्टच्या त्या मॅचमध्ये काय झालं हो?"

नॉर्मनला बायकोचा वाढदिवस दरवर्षी सांगावा लागायचा, पण हे विचारायची खोटी. "शून्य-शून्य," तो लगेच म्हणाला. "धुकं असलं, की पलीकडचा गोल दिसेना. मी गारठून आठवडाभर आजारी पडलो. आयुष्यातली सगळ्यात रटाळ मॅच, बाई. तुमच्या वडिलांचं काहीएक चुकलं नाही."

ग्लेंडा हसली. मग बेरिल हसली, मग पॅट, आणि बघता बघता सगळी खोली डोळे पुसत हसायला लागली. चहा दुसऱ्यांदा आला आणि ग्लेंडानं बशीतलं बिस्किट संपवलं.

चार वाजता ती आणि पॅट बाहेर पडल्या. बस वाचनालयासमोरच थांबायची, पण ग्लेंडा उलट्या दिशेनं चालू लागली. पॅटनं या खेपेला काही विचारलं नाही, आणि असं क्वचितच व्हायचं. अँव्हिलच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. पुढचं सगळं बदललेलं, काचा, झगमगाट. पण बाजूचा बोळ तसाच होता. दार विटांनी बुजवलं होतं, आणि त्याखालची दगडी पायरी मात्र कुणी काढली नव्हती. मधोमध झिजून ती खोलगट झाली होती.

"धर जरा," म्हणून ग्लेंडानं पर्स पॅटच्या हातात दिली, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यासकट त्या पायरीवर चढली.

"डॅड!" तिनं बंद विटांकडे तोंड करून हाक मारली. "जेवण वाढलंय! चला घरी!"

बोळाच्या तोंडाशी एक माणूस थबकला, त्यानं वळून पाहिलं आणि पुढे गेला. ग्लेंडा पायरीवरून उतरली, पर्स घेतली आणि पॅटचा हात धरून बसच्या दिशेनं निघाली. लहानपणीसुद्धा ती एकदाच हाक मारून घराकडे पळायची. दुसऱ्यांदा हाक मारायची वेळ डॅडनी तिच्यावर कधी आणली नव्हती.