चार चांदण्या

धान्यातले खडे निवडावेत तशी नाणेसंग्राहक मंडळाच्या सेक्रेटरींनी मावशींच्या तबकातली चार नाणी नखाने बाजूला सारली. पाचवं तेवढं मखमलीवर राहू दिलं.

"एका वर्षाचं एकच," ते म्हणाले. "नियम आहे."

"फरक आहे त्यांच्यात."

"आहे ना! भिंगातून बघितलं मी. आकड्याखालची चांदणी कुठे कललीय, कुठे सरकलीय. किरकोळ प्रकार आहेत हो मावशी. असल्यांचा कीस पाडत बसलो तर प्रदर्शनाला मैदान भाड्याने घ्यावं लागेल."

दोन सभासद हसले. स्वतःच्या विनोदावर खूश होऊन सेक्रेटरींनी चष्मा पुसला. प्रदर्शन उद्या सकाळी उघडणार होतं. सहा वर्षं अर्ज केल्यावर मावशींना यंदा पहिल्यांदा काचेचं कपाट मिळालं होतं, तेही थेट दारासमोरचं.

सुनेने त्यांच्या कोपराला हात लावला.

"आई, द्या ना काढून. घरी राहतीलच की ती. मी सगळ्यांना सांगून बसलेय. आता चार नाण्यांपायी आपल्यालाच बाहेर काढलं तर केवढं हसं होईल!"

मावशींना ते कळत होतं. ती जागा त्यांना हवी होती, अगदी मनापासून हवी होती. पण 'किरकोळ' हा शब्द त्यांच्या डोक्यात गेला होता.

"किरकोळ कुणाला म्हणता?" त्यांनी भिंग स्वतःकडे ओढलं. "टांकसाळीत ही चांदणी यंत्र उठवत नव्हतं. नाण्याच्या ठशावर ती हातोडीने ठोकावी लागायची. त्या वर्षी आम्ही पाच जणी कामाच्या एका बाकापाशी होतो. ही कललेली दिसते? ती डावखुरी. साहेब ओरडतो म्हणून उजव्या हाताने ठोकायची बिचारी. ही दोनदा उठलीय, ती आमची घाबरट. एक घाव पुरला असं तिला जन्मात कधी वाटलं नाही. ही खाली घसरलेली. सातवा महिना होता तिला, पोट बाकाला लागायचं, लांबून हात पोचवायची. आणि ही आकड्यावर चढलेली..."

मावशींनी ते नाणं भिंगाखाली सरकवलं.

"हिला मोतीबिंदू होता. नोकरी जाईल म्हणून बोलली नाही. आम्हीही बोललो नाही."

मघाचे दोघे आता आपापल्या कपाटांच्या काचा पुसायला लागले. सेक्रेटरी तसे वाईट नव्हते. फक्त मंडळाची नियमावली त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

"पटतंय मला, मावशी. पण नाण्यांच्या यादीत हे एकच आहे, सरळ चांदणीचं. बाकीच्या चुकाच म्हणायच्या."

"बरं. वर्षाचं एकच ना?"

"एकच."

सुटलो एकदाचे, असं सुनेच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. मावशींनी हात पुढे केला आणि सरळ चांदणीचं नाणं उचललं. बाजूला सारलेली चारही पुन्हा मखमलीवर नीट लावली, तबक सेक्रेटरींपुढे सरकवलं.

"यातलं एक ठेवा, तीन काढा. कुणाला घरी पाठवायचं ते तुम्हीच ठरवा. मला जमायचं नाही."

"आई!" सून पुटपुटली.

सेक्रेटरींचं नख पुढे आलं. डावखुरीवर थांबलं, तिथून सातव्या महिन्यावर गेलं, तिथेही थांबलं. मग त्यांनी हात खिशात घातला.

"अहो, पण तुमच्या हातात आहे तेच यादीतलं आहे," ते म्हणाले. "तेच कशाला काढलंत? आणि पाच जणी म्हणालात ना? मग यात तुमचं कुठलं?"

मावशींनी हातातलं नाणं पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"माझं राहू दे. ते तुमच्या सगळ्यांकडे आहे."