सूचक : चांगुणाबाई

मी राज्यशास्त्र स्पेशल घेतलं तेव्हा ते काय असतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. इंग्रजीची धास्ती होती, अर्थशास्त्रात आकडे होते, उरलं ते राज्यशास्त्र. पण आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या नावाचं भारी कौतुक. ते गावचे सरपंच. घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे आमचं गाव. चावडीपुढे बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमचा जयसिंग राज्य चालवायचं शास्त्र शिकतोय शिरूरला." ऐकणारे माना डोलवायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

हे चौऱ्याहत्तर सालचं. मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. पंचायत राज्यावर एक पेपर होता आणि तो शिकवणाऱ्या आमच्या सरांना एक खूळ होतं. ते म्हणायचे, "पुस्तकातली लोकशाही परीक्षेपुरती. तुमच्या गावात ती काय करते ते बघून या." नुसतं म्हणून थांबले नाहीत. त्यांनी सायक्लोस्टाईल केलेली प्रश्नपत्रकं वाटली. प्रत्येकानं आपल्या गावच्या पंचायतीतल्या एका सदस्याची मुलाखत घ्यायची, शक्यतो राखीव जागेवरच्या. वीस प्रश्न, प्रत्येकाखाली उत्तराला जागा, आणि तळाला माहिती देणाऱ्याची सही किंवा अंगठा.

आमच्या पंचायतीत बायकांच्या जागेवर चांगुणाबाई होती. बौद्धवाड्यातली. आबा मरेपर्यंत त्याला महारवाडाच म्हणत राहिले, ती गोष्ट वेगळी. तिला बिनविरोध निवडून आणलं होतं ते आबांनीच. आमच्या घरची बाई कचेरीत जाऊन बसणं कुणाला खपलं नसतं, आणि बाई बौद्धवाड्यातली घेतली की वरच्या साहेबांपुढे छाती काढून दाखवता येत होती. चांगुणाबाई विधवा होती, मजुरी करायची. हिवाळ्यात इनामगावला पुण्याचे लोक जुन्या वस्तीचं खोदकाम करायला यायचे, तिथं ती रोजानं जायची.

एका रविवारी मी प्रश्नपत्रक, वही आणि पेन घेऊन तिच्या दारात गेलो. लहानपणापासून मी तिला 'चांगुणे' म्हणत आलो होतो. ती माझ्या आईपेक्षा मोठी, पण आमच्यात तशीच रीत होती. त्या दिवशी मात्र मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "चांगुणाबाई, तुम्हांला वेळ आहे का?"

ती चपापलीच. मग तिनं घाईघाईनं घोंगडं झटकून टाकलं. "बसा की, बापू. काय काम काढलं?"

मी सगळं समजावून सांगितलं. कॉलेज, पाहणी, वीस प्रश्न. तिनं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्या सांगंन ते लिवनार?"

"अर्थात. त्यासाठीच तर आलोय."

"न्हाई, इचारलं आपलं. खोदकामावर ते लोक मडक्याची येक खापरी जरी घावली तरी कुठल्या खड्ड्यात घावली, किती हात खाली घावली, समदं लिवत्यात. तिथलं हितं करत न्हाईत. म्हनलं तुमचं कालेजबी तसंच का काय."

"तसंच," मी म्हणालो.

पहिला प्रश्न, गेल्या वर्षात किती सभांना हजर होता?

"येकबी न्हाई."

माझं पेन थांबलं. ती सांगू लागली. महिन्याच्या महिन्याला पंचायतीचा शिपाई ज्ञानदेव प्रोसिडिंगचं बुक आणि शाईचा डबा घेऊन दारात यायचा. बोट दाखवेल तिथं ती अंगठा द्यायची. मजकूर कधी लिहिलेला असायचा, कधी पान कोरंच असायचं. भाऊसाहेब, म्हणजे आमचा ग्रामसेवक, मागाहून लिहायचा. "म्या म्हनायची, मीटिंगला येऊ का? तर ज्ञानदेव म्हनायचा, कशाला रोज बुडवतीस?"

"आणि ठराव? तुम्ही कधी एखादा ठराव मांडलात का?"

यावर ती हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मांडला की. नळाचा."

ती हकिगत अशी. दुष्काळ सरल्यावर गावात नळ आला. एक सार्वजनिक नळ बौद्धवाड्याच्या तोंडाशी बसवायचा असं ठरलं होतं, माणसं येऊन खुणाही करून गेली होती. मग एक दिवस पाइप आले आणि वळले ते आमच्या गोठ्याच्या कोपऱ्याकडे. चांगुणाबाई कचेरीत विचारायला गेली तर भाऊसाहेबानं बुक उघडून दाखवलं. नळाची जागा बदलण्याबाबत ठराव. सूचक : श्रीमती चांगुणाबाई. खाली अंगठा.

"म्हंजी म्याच माझ्या वाड्याचा नळ उचलला आन् तुमच्या म्हशींला दिला," ती म्हणाली. "वाड्यातल्या बाया माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या. अजून नदीचं पानी आनत्यात. तुमच्या आबांचं हाय म्हनून राग धरू नगा बापू. पर हे लिवा. येवढं तरी कुठंतरी नीट लिवल्यालं ऱ्हाऊ द्या."

मी फुशारकीनं म्हणालो, "मी इथं सरपंचाचा मुलगा म्हणून आलेलो नाही. अभ्यासक म्हणून आलोय." हे वाक्य आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी सगळी उत्तरं वहीत टिपून घेतली. प्रश्नपत्रक सुवाच्य अक्षरात भरायचं होतं, ते घरी टेबलावर बसून भरू असं ठरवलं. पण पुन्हा अंगठ्यासाठी हेलपाटा कशाला, म्हणून ते तिच्यापुढे धरलं. ती कागदाकडे बघत राहिली.

"कोराच हाय की."

"अहो, मी काय भाऊसाहेब आहे का?"

ती ओशाळली. "तसं न्हवं बापू," म्हणाली आणि माझ्या पेनची शाई लावून अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिहायला बसलो. पहिल्या प्रश्नापुढे 'एकही नाही' असं लिहिणार, तेवढ्यात आबा आत आले. चष्मा नव्हता तरी माझ्या कागदाकडे वाकून बघत होते. "पंचायतीवर लिवतोयस म्हनं? झकास. आमचं नाव येऊ दे की कालेजात. तुमच्या सरास्नी म्हनावं, या येकदा आमचं गाव बघायला." एवढं बोलून ते गेले. दम दिला नाही, धाक दाखवला नाही. त्यांनी मला धमकावलं असतं तर आज त्यांच्या नावानं खापर फोडता आलं असतं. तेवढीही सोय नाही.

मी विचार केला की सर हे वाचणार, वर्गातली पोरं वाचणार. आबांचं नाव त्यात येणार. गोठ्याच्या कोपऱ्यावरचा तो नळ मी रोज सकाळी अंघोळीला वापरत होतो, हे काही कुणाला सांगावं लागणार नव्हतं. आणि मग माझा हात चालू लागला. सभांना उपस्थिती : नियमित. चर्चेत सहभाग : समाधानकारक. आपण एखादा ठराव मांडला आहे काय : होय, सार्वजनिक नळाच्या जागेबाबत; ठराव एकमताने मंजूर. यात खोटं काय, असंही मी मनाला बजावलं. बुकात तसंच तर लिहिलं होतं. लिहून झाल्यावर अक्षर किती चांगलं आलंय तेही बघितलं.

माझी अपेक्षा होती की कागद इतर कागदांत जाईल आणि सर मार्क टाकून मोकळे होतील. पण त्यांनी तो वर्गात उचलून धरला. निरक्षर, मजूर, बौद्ध समाजातली बाई, आणि स्वतः ठराव मांडते! त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. "आपण जे शिकतो ते खेड्यात उभं आहे बघा," ते म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी पंचायतीला पत्र धाडलं. राज्यशास्त्र मंडळाच्या कार्यक्रमाला चांगुणाबाईंनी यावं आणि आपले अनुभव सांगावेत. आबांनी ते पत्र चावडीत दोनदा वाचून घेतलं.

मी तापाचं सोंग घ्यायचा विचार केला, पण तिला घेऊन यायचं काम सरांनी माझ्यावरच टाकलं होतं. ती धुतलेलं लुगडं नेसून फाट्यावर उभी होती. कामाचा दिवस मोडून आली होती. एस. टी. येईपर्यंत आम्ही दोघंच होतो.

"बापू, लिवलं न्हवं समदं? नळाचंबी?"

"हो," मी म्हणालो.

"म्हनूनच बोलावलंय मला," ती म्हणाली. "म्या वाड्यात सांगून आले. म्हनलं, कालेजातल्या सायबांनी वाचलंय."

शिरूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सरांना आधीच गाठून सगळं सांगून टाकावं असं मी तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं. सर दारातच उभे होते, त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तिथंच मला तोंड उघडता आलं असतं. उघडलं नाही.

हॉलमध्ये शंभरेक मुलं होती. सरांनी तिची ओळख करून दिली, पण त्यांची भाषा पुस्तकी, त्यामुळे 'तळागाळातील नेतृत्व' वगैरे तिच्या डोक्यावरून गेलं असावं. ती आपली मान हलवत होती. मग सर म्हणाले, "बाई बोलण्यापूर्वी, त्यांनी आपल्या जयसिंगला दिलेली उत्तरं त्यानंच वाचून दाखवावीत."

कागद माझ्या हातात आला. वहीतली खरी उत्तरं मला तोंडपाठ होती. कागद हातात धरून तीच म्हटली असती तर तिला कळलं असतं, सरांना कळलं असतं, माझं काय व्हायचं ते झालं असतं. मी कागदावरचं वाचलं. नियमित. समाधानकारक. एकमताने मंजूर.

"थांबा," चांगुणाबाई म्हणाली. "नळाचं परत वाचा."

मी परत वाचलं.

ती उठली आणि माझ्याजवळ आली. तिनं कागद मागितला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं बोटानं खालची जागा शोधली आणि तिथल्या निळ्या ठशाकडे बघत उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. सरांनी हसून विचारलं, "बरोबर लिहिलंय ना बाई?"

"अंगठा माझाच हाय," ती म्हणाली आणि खाली जाऊन बसली.

सरांना तो विनय वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पुढे बोलायला ती काही उठली नाही. सर म्हणाले, बाई संकोचल्या असतील. चहा-बिस्किटं आली, तिनं घेतली नाहीत.

मी तिच्या मागोमाग स्टँडवर गेलो. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. "चांगुणाबाई, तुम्ही," एवढंच तोंडातून निघालं.

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुमी मला 'तुमी' म्हनला ना बापू, तवाच म्या फसले," ती म्हणाली. मग गाडी लागली आणि ती चढून मागं जाऊन बसली. मी पुढच्या गाडीनं गेलो.

त्या पेपरात मला कॉलेजात सर्वांत जास्त मार्क पडले. आबांनी पेढे वाटले.

पण त्याआधी, कॉलेजातल्या कार्यक्रमानंतर पुढच्याच महिन्यात, पंचायतीची मासिक सभा होती. ज्ञानदेव शिपाई नेहमीप्रमाणे बुक घेऊन बौद्धवाड्यात गेला आणि हात हलवत परत आला. त्याच्या मागून चांगुणाबाई स्वतः आली, कचेरीत शिरली आणि सदस्यांच्या सतरंजीवर बसली. म्हणाली, "लिवल्यालं वाचून दावा. आपल्या कानानं ऐकल्याबिगर म्या आता कुनालाच अंगठा देत न्हाई. आन् आधी त्यो नळाचा ठराव वाचा." भाऊसाहेबाला घाम फुटला. बाहेर वाड्यातल्या आठ-दहा बाया येऊन उभ्या होत्या. सभा तशीच मोडली.

संध्याकाळी आबा घरी आले ते धुमसतच. टोपी खुंटीवर अडकवली, ती खाली पडली, उचललीही नाही. "इतकी वर्सं गप व्हती. येकायेकी कायदा कुठनं आला तिच्या तोंडात? कुनीतरी फूस लावलीया." मग येरझाऱ्या थांबवून ते माझ्यापुढं उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तू राज्यशास्त्र शिकतोस म्हनून इचारतो. तू तर न्हाई ना शिकवलंस तिला?"

"नाही, आबा," मी म्हणालो.

त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मला ठावं व्हतं," ते म्हणाले, "तू त्यातला न्हाईस."