पंप बंद पडला तरी

मी एक जुनी अणुभट्टी आहे. खरी नव्हे, काच आणि पत्र्याची प्रतिकृती. माझ्या पोटात युरेनियमचा कणही नाही, पाणी तापवणारी साधी कॉइल आहे.

मित्रांनो, जबलपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विभावरीबाईंनी मला घडवले. भट्टी बंद केली तरी तिची उष्णता लगेच जात नाही. म्हणून नव्या धाटणीच्या भट्टीत उंचावर टाकी असते. वीज गेली, पंप थांबले, तरी तिचे पाणी आपल्याच वजनाने खाली येऊन भट्टीला गार करते. धुराशिवाय रात्रंदिवस वीज हवी तर एवढी काळजी घ्यावीच लागते, असे बाई सांगत. प्रदर्शनांत मला खूप शाबासकी मिळाली.

एके वर्षी जबलपूरजवळ बरगी धरणाच्या जलाशयाकाठी अणुवीज प्रकल्पासाठी सभा भरली. आयोजक श्रीपादजींनी आम्हांला तिथे नेले. ज्यांचे शेत पूर्वी धरणात बुडाले, त्या अंजनीबाई उठून माझ्यापाशी आल्या.

"बिजली गेली तर हे फुटंल का?"

"तुम्हीच पंप बंद करून पाहा," विभावरीबाई म्हणाल्या.

अंजनीबाईंनी बटण दाबले. पंप गप्प झाला. टाकीतले पाणी उतरले आणि तापमानाचा काटा खाली आला. लोक खूश झाले, श्रीपादजी त्याहून खूश.

"अच्छा. आन् टाकी रिती झाली मंग?"

श्रीपादजी हळूच म्हणाले, "मॅडम, आता पुरे. लोक बिचकतील."

विभावरीबाई थांबल्या नाहीत. "खऱ्या भट्टीची टाकी काही दिवस पुरते. तोवर नवं पाणी पोचवावंच लागतं, नाही तर धोका आहे. आणि वापरलेलं इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं."

श्रीपादजींनी माझ्यावर चादर टाकली. अंजनीबाईंनी ती ओढून काढली.

"काहून झाकून राहिले जी? धरणाच्या वक्ताले आमाले कोनी काहीच सांगतलं नोतं. ही बाई सांगून राहिली, तर ऐकू द्या."

गावाने त्या दिवशी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. श्रीपादजींनी आम्हांला पुन्हा बोलावले नाही. मी कपाटात गेले. काच धुळीने माखली, टाकी गंजली.

मग एका सकाळी अंजनीबाई गावच्या बायकांना घेऊन कॉलेजच्या दारात उभ्या राहिल्या. "आमचे सवाल बाकी हायेत. चला बाई, मशीनबी घ्या."

मित्रांनो, मला शोभेसाठी जपू नका. माझा गंज खरवडा, तार बदला, आणि जिथे माझ्याविषयी ठरवायचे असेल तिथे मला न्या. खुशाल विचारा, उलटसुलट विचारा. प्रश्नांनी मी मोडत नाही.