चिमट्यातलं टोळीचं तेल

माझ्या नवऱ्याला, गुणवंतरावांना, मोटारसायकलला बोललेलं खपत नसे. मला बोललेलं खपायचं.

आम्ही चांदा जिल्ह्यातल्या मूल गावी राहायचो. हे लाकडाच्या डेपोत मोजणीदार होते. दिवसभर सागाचे लठ्ठे मोजायचे आणि संध्याकाळी गाडी पुसायची. गाडी पलटणीतून निघालेली, तीन जणांच्या हातांखालून जाऊन आमच्या दारात आलेली. देवळात गेलो तरी हे मला गाडीपाशी राखण बसवायचे आणि एकटे आत जाऊन यायचे. "तुह्यासाठी बी नमस्कार केला," असं वर सांगायचे. देवालाच लाज वाटली असेल.

सत्तावन्न सालचा पावसाळा संपला आणि गाडीच्या पुढच्या चिमट्यातून तेल गळायला लागलं. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन नळ्या. नळीत नळी बसवलेली आणि आत तेल. खड्डा आला की एक नळी दुसरीत जाते, तेल तिला हळूहळूच जाऊ देतं, म्हणून हाताला हिसका बसत नाही. सांध्यावर एक रबरी कडं असतं, त्याला सील म्हणतात. ते झिजलं की तेल बाहेर. हे सगळं मला पाठ आहे, कारण महिनाभर आमच्या घरात दुसरं बोलणंच नव्हतं. मी सारवलेल्या ओसरीवर रोज सकाळी दोन काळे डाग पडायचे, आणि मी डागांवरून बोलले की हे गाडीच्या बाजूने भांडायचे.

शेवटी हे गाडी घेऊन जलालुद्दीनभाईंकडे गेले. बाजारात त्यांचं सायकली आणि गॅसबत्त्या दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांनी नळीवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "रबर गेलं भाऊ. नागपूरले बी भेटन का नाई, सांगता येत नाई. मी चमड्याचं करून देतो, पक्कं. पन चमडं आठ दिस तेलात भिजवा लागते. तोवर गाडी माह्यापाशी खोलून राहीन."

आठ दिवस गाडीशिवाय! ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मी महिना-महिना माहेरी जायची, तेव्हा ते तोंड कधी मला पाहायला मिळालं नाही. गाडी घेऊन हे तसेच परत आले.

पुढे चार दिवसांनी गळती एकदम कमी झाली. ओसरी जवळजवळ कोरडी राहिली. हे नुसते मिशीतल्या मिशीत हसत होते. "काय केलं?" मी विचारलं. "डोकं चालवलं," एवढंच उत्तर. गल्लीतलं एक कुत्रं मात्र तेव्हापासून रोज येऊन पुढची नळी चाटायचं. मी त्याला हाकलायची आणि जास्त विचार करायची नाही. थंडी पडली तशी गळती पार बंदच झाली. चिमटा जरा कडक झाला होता म्हणे. पण कडक म्हणजे मजबूत, असा ह्यांचा हिशेब. डेपो दहाला उघडायचा, त्यामुळे उन्हं वर आल्याशिवाय गाडी कधी बाहेर निघायचीच नाही.

आता माझं सांगते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. त्याचं रडून झालं होतं. मग मी चांद्याला भावाकडे राहून मास्तरकीची परीक्षा दिली, पास झाले, आणि तालुक्याच्या शाळा चालवणाऱ्या जनपद सभेच्या यादीत माझं नाव लागलं. दीड वर्ष मी वाट पाहत होते. डिसेंबरात एका रविवारी दुपारी चांद्याचा एक माणूस बाजाराला आला आणि भावाने दिलेला लिफाफा माझ्या हातात ठेवून गेला. वैनगंगेपलीकडच्या कोसमटोल्याच्या शाळेत नेमणूक. सोमवार, सोळा डिसेंबर, सकाळी अकराच्या आत हजर व्हावे. अन्यथा यादीतील पुढील नावाचा विचार होईल. सोमवार म्हणजे उद्याच.

ह्यांनी हुकूम दोनदा वाचला. "म्हंजे तू तिथीच राहशीन?"

"शाळा तिथीच हाय."

"हं," म्हणाले, आणि बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले. पुसलेलीच होती ती. मी दारात उभी राहून विचारलं, "सर्विसची मोटर दुपारची, तेबी नदीपर्यंतच. मी जाऊ कशी?" ह्यांनी वर न पाहता सांगितलं, "मी पोचवतो ना."

पहाटे साडेपाचला निघालो. तीस मैलांचा रस्ता, मध्ये नदी नावेने ओलांडायची. नऊला पोचू, असा ह्यांचा अंदाज. मागे माझी पत्र्याची पेटी बांधली, पेटीला टेकून मी, अंगावर दोन शाली. थंडी अशी, की डोळ्यांतून पाणी यावं. गावाबाहेरचा चांगला रस्ता संपला, जंगल लागलं, आणि मग जो काही मार बसायला लागला! चिमटा हलायलाच तयार नाही. प्रत्येक दगड ह्यांच्या मनगटातून माझ्या दातांत. दिव्याची काच कुठे पडली, कळलं नाही. दहा-बारा मैल गेल्यावर एका बैलबंडीच्या चाकोरीवरून पुढचं चाक उसळलं आणि आम्ही दोघं, गाडी आणि पेटी सगळे धुळीत. लागलं काही नाही. माझ्या दोन बांगड्या फुटल्या.

ह्यांनी गाडी उभी केली, चिमटा हलवून पाहिला. जाम. "वाकला," म्हणाले. "आता मूलले परत. पुढं गेलो तं हाडं मोडतीन."

सव्वासात वाजले होते. मला एकदम राग आला, असा की कान गरम झाले. "वाकला नाई ना काई नाई," मी म्हटलं. "तुम्हाले मी जाऊच नये वाटते. म्हनून परत चालले."

हे रस्त्याच्या कडेला बसले. मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "वाटते. खोटं कायले बोलू? डेपोतून घरी आलो का मी बोलू कोनासंग? गाडीसंग?" मनगट चोळत म्हणाले, "पन पोचवतो म्हटलं तं पोचवतो. परत जायचं म्हटलं ते हाडाईच्या भेवानं. तुह्या."

इतक्या वर्षांत हा माणूस एवढं कधी बोलला नव्हता. तोंड लपवायला म्हणून मी गाडीकडे वळले, तर चिमट्याच्या सांध्यावर पांढुरकं काहीतरी साठलेलं दिसलं, तुपासारखं थिजलेलं. नखाने खरवडलं, वास घेतला. मोहाच्या टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल!

"हे कोनं भरलं याच्यात?"

"मी," हे म्हणाले. "बंडीच्या आसाले चालते, मंग गाडीले काऊन नाई चालन? अन् गळती थांबली का नाई?"

"थांबन नाई तं काय करन? गोठलं ते! दर हिवाळ्यात तेलाची बरनी मी चुलीपाशी काऊन ठेवते? हौस म्हनून? आपल्या इकडं शेंबड्या पोराले ठाऊक हाय, टोळीचं तेल थंडीत दगड होते. एक शब्द मले विचारला असता…"

"तू हासली असती," हे म्हणाले.

आणि मी हसलेच. रस्त्यात, धुळीत, फुटक्या बांगड्यांसकट. कुत्रं का चाटत होतं तेही आता कळलं. हेही हसले, पण बेताने.

जवळच एका खळ्यावर धूर दिसत होता. गाडी ढकलत तिकडे नेली. धानाच्या राशीजवळ सोनीबाई नावाची एक म्हातारी शेकोटी करून राखण बसली होती आणि आंघोळीचं पाणी मडक्यात तापत होतं. तिला सगळं सांगितलं, तर ती खोकला लागेपर्यंत हसली. "गाडीले थंडी वाजली काय व बाई! घ्या पानी. माही आंघोय उद्या होईन." पोतं फाडून तिनेच दिलं. कढत पाण्यात बुडवून आम्ही दोन्ही नळ्यांना ते गुंडाळलं, आणि निवलं की परत बुडवलं. चौथ्या वेळेला हे हँडलवर वजन टाकून दाबायला गेले आणि चिमटा हुस्स करून खाली बसला, वर आला. ह्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण तेल वितळलं म्हणजे गळणार, हेही आलंच. सील झिजलेलंच होतं. दोन्ही नळ्यांवरून तेलाच्या धारा लागल्या. "पुरन," हे म्हणाले. "चाल, बस." निघताना सोनीबाईने ओरडून विचारलं, "बाई मास्तर बी रायते काय व?" मी ओरडले, "आज अकरा वाजता होनार हाय!"

नदीपर्यंत चांगलं गेलं. नावेत गाडी चढवायची, उतरवायची, त्यात खूप वेळ गेला. पलीकडे चाक लागलं तेव्हा पावणेदहा झाले होते. आता चिमट्यात तेल उरलं नव्हतं. खड्डा आला की लोखंडावर लोखंड आपटायचं, ठण्ण. आणि गळलेलं सगळं तेल पुढच्या चाकात जाऊन ब्रेक बुळबुळीत झालेला, मागचा तर आधीपासूनच नावाला. एका नाल्याच्या उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. दोन्ही पाय घासत, कशीबशी पाण्याच्या काठाशी उभी केली ह्यांनी.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं. पलीकडे एक बाई शेण वेचत होती. ती म्हणाली, कोसमटोला इथून अडीच मैल, आणि असे अजून तीन नाले.

हे गाडीकडे पाहत राहिले. परत चला म्हणावं तर माझी नोकरी, पुढे चला म्हणावं तर ह्यांचा जीव. यादीतलं पुढचं नाव कुणाचं असेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग ह्यांनी गाडी ढकलत बाजूच्या तुरीच्या वावरात नेली, एका झाडाला टेकवली आणि पेटीची दोरी सोडली. मफलर काढून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि पेटी उचलून त्यावर घेतली. ह्या माणसाने डोक्यावर कधी पिण्याचं पाणीसुद्धा आणलं नव्हतं. "चाल," म्हणाले. "पाहून काय राह्यली?"

"अवो, गाडी?"

"चाल म्हनतो ना."

आम्ही पळालो म्हटलं तरी चालेल. पातळ वर खोचून, चपला हातात घेऊन मी, आणि पुढे पेटी सावरत हे. नाले ओलांडले. शाळा दिसली तेव्हा मला धाप लागून समोरचं नीट दिसत नव्हतं.

लटारू गुरुजी म्हणून मुख्याध्यापक होते, पडवीत टेबलाशी बसलेले. मागे भिंतीवर घड्याळ. अकराला आठ कमी. त्यांनी मला पाहिलं, हुकूम पाहिला, आणि माझ्या मागे घामाने निथळणाऱ्या, धुळीने माखलेल्या माणसाला म्हणाले, "पेटी तिकडं भितीपाशी ठेव गा. अन् जाय, हिरीवर पानी पिऊन घे."

मूलमध्ये ह्यांना कुणी असं 'गा' म्हटलं असतं, तर ह्यांनी चार दिवस भांडण चालवलं असतं. मी तोंड उघडलं. ह्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि घड्याळाकडे मान हलवली. "हो जी," म्हणाले, पेटी भिंतीपाशी ठेवली, आणि विहिरीकडे गेले.

मी सही केली. नावाचं शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलं. गुरुजींनी वेळ लिहिली, टीपकागद फिरवला. सत्तावीस पोरं वर्गातून माना काढून पाहत होती. माझी पोरं. ते मनात आलं आणि मी कोसळलेच, सगळ्यांदेखत रडले.

रडणं आवरल्यावर मी म्हणाले, "गुरुजी, तो हमाल नाई जी. माहे मालक हाय."

गुरुजी ताडकन उठले. बिचारे इतके खजील झाले, की स्वतःची खुर्ची उचलून विहिरीकडे निघाले. हे तोंड पुसत येतच होते. चुंबळ अजून डोक्यावर. "राहू द्या जी गुरुजी," म्हणाले. "बाईची पेटी आनली, यात चुकीचं काय म्हटलं तुमी?"

मी ह्यांना बाजूला घेतलं. "आता जा. गाडी एकटी हाय वावरात. कोनी नेईन."

"राहू दे एकटी," हे म्हणाले. "तुही खोली कुठी हाय ते दाखवा म्हन गुरुजीले. दाराले कडी हाय का नाई, ते आधी पाह्यतो."

खोलीला कडी नव्हती. ह्यांनी गावातून लोहार शोधून आणला, कडी बसवली, तीनदा आतून-बाहेरून लावून पाहिली, मग चुलीला दोन दगड आणून दिले. तोवर दुपारचे तीन वाजले होते, आणि मोटारसायकलची आठवण मलाच ह्यांना करून द्यावी लागली.