हे दुःख माझं नाही

फादरने खुर्ची जराशी मागे ओढली आणि एकदाचं सांगून टाकलं, की आई गेल्यापासून आपल्याला प्रार्थना करता येत नाही.

समुपदेशनाचा सराव चालला होता. एकाने दुखणं घेऊन आलेला माणूस व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. दुखणं मनाने रचायचं. आज समुपदेशक होती ताई. पूर्वी परिचारिका होती, वर्गात वयाने सगळ्यांत मोठी.

फादर खरा फादर नव्हता. सकाळी इथे मानसशास्त्र, दुपारी पलीकडच्या इमारतीत ख्रिस्ती धर्मशास्त्र, असे त्याचे दोन दगडांवर पाय. इथे त्याला चेष्टेने फादर म्हणत, तिकडे डॉक्टर. दोन्हीकडची मंडळी आपली गाऱ्हाणी त्याच्याकडे आणत आणि मन हलकं झालं की निघून जात. गरज सरो, वैद्य मरो. डबा तो एकटाच खाई. सुट्टीत त्याची आई खरंच गेली होती. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि दुसऱ्यांसाठी?" ताईने विचारलं. "त्यांच्यासाठी करता येते?"

"येते. शब्द पाठ आहेत. स्वतःसाठी गुडघे टेकले, की समोर कुणी नसतं."

ताईने सांत्वनाची घाई केली नाही. ती नुसती बसून राहिली. इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

वेळ संपली. शिकवणाऱ्या बाईंनी त्याचं कौतुक केलं, अगदी हुबेहूब वठवलंस म्हणाल्या. फादरने आता नाटकात जावं, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. तोही हसला.

शेवटी एक नियम असे. दोघांनीही उभं राहून म्हणायचं, ‘हे दुःख माझं नाही, मी ते इथेच ठेवतो.’ नाहीतर दुसऱ्याचं ओझं घरी येतं, असं बाई सांगत. ताईने आपलं वाक्य म्हटलं आणि पिशवी उचलली.

तो उभा राहिला.

"हे दुःख," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली बसला.

वाक्य सावकाश आठव, म्हणत बाई फळा पुसायला वळल्या. मुलं जेवायला निघाली. ताई दारापर्यंत जाऊन थांबली, परत आली आणि पिशवी मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली.

"आई कधी गेली रे?"