रावजींच्या नावाची वेल

या हो, पुढे सरका, टाळ मांडीवर ठेवा. आपल्या कातळाच्या सड्याखालच्या वाडीतली गोष्ट सांगतो.

रावजी गुडघ्याच्या सुजेवर पाल्याचा लेप द्यायचे. रीत वडिलांची. पहाटे कोणाशी न बोलता सड्यावर जायचं, वेलीची पानं खुडायची, पंचाखाली झाकून आणायची. वेल दाखवली की गुण जातो, नाव सांगितलं तरी जातो. घ्यायचा फक्त देवापुढचा नारळ. पार रत्नागिरीतून माणसं यायची.

मग चुलतभावाच्या बायकोनं, गोदावहिनीनं, परसात औषधी रोपं मांडली. रोपापुढे पाटी, आणि मागेल त्याला रोप. माणसं वळणावरूनच तिकडे वळू लागली. रावजी ओटीवर बसून मोजायचे, आणि जळायचे.

"भावोजी, एकदा बघायला तरी या!" वहिनी दगडी गडग्यावरून हाक मारी.

"माझा देव पाटी लावून नाय बसत!"

सड्यावर चिऱ्याची खाण आली. वेल एकच उरली. ती गोदेच्या हाती लागू नये म्हणून रावजींनी मुळासकट उपटली नि मागीलदारी शेणखतात लावली. कातळाच्या फटीत वाढलेली ती. आठ दिवसांत कुजली. त्या संध्याकाळी देवापुढे त्यांना हात जोडवेनात.

तेवढ्यात भाट्याहून मरियमभाभी गुडघा धरत आल्या. "रावजीभाऊ, तुमच्या लेपाशिवाय मला जिना चढवत नाय."

त्यांना ओटीवर बसवून रावजी मान खाली घालून गोदेच्या परसात गेले. कोपऱ्यात, चिऱ्याच्या भुग्यात, तीच वेल तरारली होती. पाटीवर लिहिलं होतं: रावजींची वेल.

"ही कुठून आणलीस?"

"तुमच्या उकिरड्यावरून. पाल्यातल्या शेंगा तुम्ही फेकता, त्या रुजवल्या. खतात जगेनात, मग भुग्यात घातल्या."

"आणि नाव माझं?"

"मग काय लिहू? तुम्ही नाव कधी सांगितलंत?"

खरं सांगतो, रावजींच्या आत जळलं. आपल्या हातून मेली ती हिच्या हाती जगली! तरी त्यांनी वाकून वहिनीला वेलीचं नाव सांगितलं. मग पानं खुडली, न झाकता, हातात उघडी धरून नेली. मरियमभाभींच्या गुडघ्याची सूज चार दिवसांत उतरली.

आता वाडीत घरोघरी ती वेल आहे, नि पाटीवर रावजी. गोदावहिनीचं नाव कुठंच नाही. म्हणून विनवतो, जाताना रोप न्या, आणि पाणी घालाल तेव्हा एकदा तिची आठवण काढा.