कुरणाची वाट

"कुरणाला कुंपण घालतोयस, तर घाल बाबा. पण त्याला एक वाट ठेव. शेजाऱ्यांच्या शेळ्यांना आत येता आलं पाहिजे."

जार्सोची आई अंथरुणाला खिळलेली असताना हे बोलली होती. "ठेवतो, आई," म्हणत जार्सोने तिच्या हातावर हात ठेवला होता. पुढे आई गेली, कुंपण उभं राहिलं, आणि वाट तेवढी राहून गेली.

राहून गेली कसली! त्याने ती ठेवलीच नाही. बोराना या गुराखी जमातीच्या माळावर वासरांसाठी थोडं गवत राखायची रीत जुनीच. पण ते राखण सगळ्या पाड्याचं असे. जार्सोने ते एकट्यापुरतं केलं. तो गाईवाला. शेळ्यांना तो 'झुडपातले उंदीर' म्हणायचा आणि त्या दिसल्या की दगड उचलायचा. दर उन्हाळ्यात बाभळीच्या ताज्या फांद्या तोडून कुंपण आणखी उंच करायचा.

आपणही दार लावतो ते बाहेरच्यांसाठी, वाचकहो. आत काय वाढतंय, हे कोण बघतं?

जार्सोच्या कुरणात बाभळी वाढल्या. आधी गुडघ्याएवढ्या होत्या, मग डोक्याच्या वर गेल्या. फांदीत फांदी अडकली. खालचं गवत विरळ होत गेलं आणि एक दिवस नुसती लाल माती उरली. मोकळा माळही तसाच भरत चालला होता. घरापासून विहिरीपर्यंतची पाऊलवाट इतकी अरुंद झाली, की पाणी आणताना दार्मीला, म्हणजे जार्सोच्या बायकोला, अंग चोरून चालावं लागे. काटे तिची ओढणी रोज थोडी थोडी फाडत.

"सरकारने माळ जाळायला बंदी केली, झुडपं जळायची थांबली, त्याचं हे फळ," जार्सो म्हणायचा. ते खरं होतं, पण अर्धंच.

त्या सकाळी दार्मीने रोजच्यासारख्या प्रार्थनेसाठी कॉफीच्या बिया लोण्यात तळल्या. भांड्याच्या तळाला चिकटलेलं तेच शेवटचं लोणी. गाई आटल्या होत्या, घरातली दोन लहान मुलं काळ्या चहावर होती. आता सगळी आशा राखाडी गाईवर, डालाचीवर. ती आज-उद्या विणार होती.

"वाका, देवा, गाईंना शांती दे," जार्सोने हात वर केले. "गवताला शांती दे, शेजाऱ्यांना शांती दे..."

"अहो," दार्मी हळूच म्हणाली, "डालाची गोठ्यात नाहीये."

तेवढ्यात कुरणातून हंबरडा आला. गाय विण्यासाठी आडोसा शोधत आत शिरली होती. बाभळींच्या त्याच गर्दीत दिवसा तरसं झोपत.

जार्सो कुऱ्हाड घेऊन धावला. दहा पावलांत बाभळीने त्याला धरलं. एक हात सोडवावा तर दुसरा अडकायचा. मागे वळावं तर मागचीही फट मिटलेली. कुऱ्हाड उगारायलाही जागा नव्हती. गाय हंबरत होती, तो तिच्या नावाने ओरडत होता, आणि दोघांच्या मध्ये त्याचंच कुरण उभं होतं!

"कोण रे ते? जार्श्या का?" कुंपणाबाहेरून म्हाताऱ्या एलेमाचा आवाज आला. ती त्याच्या आईची मैत्रीण. जार्सोचे दगड खायच्या, त्या हिच्याच शेळ्या. "मला वाटलं, तरस अडकलंय."

"आजी, चेष्टा नको. गाय आत आहे!"

"मग असा समोरून का शिरलास? मागच्या अंगाला माझ्या शेळ्यांनी भोक पाडलंय, गेल्याच वर्षी. आता त्यातून गायही जाते."

"माझ्या कुंपणाला?"

"तुला दिसायला तू आत येतोस कुठे!"

दार्मीने काटे कापून नवऱ्याला ओढून काढलं. तिघंही मागच्या भोकातून वाकून आत गेली, आणि जार्सो थबकला. शेळ्या जिथे चोरून फिरल्या होत्या, तिथे बाभळीची रोपं कुरतडलेली होती. ऊन जमिनीपर्यंत पोचत होतं. आणि त्या पट्ट्यात गवत होतं! अख्ख्या कुरणात तेवढंच. डालाची तिथेच बसली होती, आणि ओलं वासरू तिच्या पोटाशी धडपडत होतं.

जार्सोने सभोवार पाहिलं. "इतकी झाडं इथे पेरली तरी कुणी?"

"तूच पेरलीस," एलेमा म्हणाली. "दर उन्हाळ्यात शेंगांसकट फांद्या आणून रचल्यास. बी सांडलं. रोपं खायला शेळ्या नव्हत्या, त्यांना तू बाहेर ठेवलंस."

"पण आग..."

"आगीला खाली गवत लागतं बाळा, ते कुठाय? आधी झाडं तोडायची, शेळ्या सोडायच्या. गवत आलं की चार पाड्यांनी मिळून सरकारकडे परवानगी मागायची. माळ कधी एकट्याने जाळलाय कुणी? त्याला शेजारी लागतात."

दार्मी सहसा नवऱ्याला उलट बोलत नसे. आज वासराचं अंग पुसता पुसता ती म्हणाली, "रोज सकाळी तुम्ही शेजाऱ्यांसाठी शांती मागता. आणि दिवसभर त्यांच्या तोंडावर काटे लावता. देवाने कुठलं ऐकायचं?"

जार्सोची मान खाली गेली. तो म्हणाला, "आजी, वाट करतो. उद्याच."

"तुझ्या आईलाही तू असंच म्हणाला होतास," एलेमा म्हणाली आणि शेळ्यांमागे निघून गेली.

वाचकहो, सगळ्यांचं ते एकट्यासाठी कोंडलं, की कोंडणाराच आत अडकतो. जमिनीचं तसं, पाण्याचं तसं, मायेचंही तसंच. देवाकडे सर्वांचं भलं मागायचं, तर त्यासाठी आपल्या कुंपणात वाट हवी.

दुसऱ्या सकाळी लोणी नव्हतं. दार्मीने बिया कोरड्याच भाजल्या. जार्सोने हात वर केले. गाईंसाठी मागितलं, वासरासाठी मागितलं. "शेजाऱ्यांना..." म्हणताना त्याचा आवाज थांबला. त्याने हात खाली घेतले, कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली, आणि एलेमाच्या झोपडीकडे तोंड असलेल्या कुंपणाकडे तो चालू लागला.